पाणी मोजून घेतलेला गारवा

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४ अंशांवर जातो. रत्नागिरीत तो सहसा ३३-३४ च्या वर चढत नाही. तरीही माठातलं पाणी पिऊन दात शिवशिवावेत असा गारवा मिळायचा तो अकोल्याकडे. रत्नागिरीला त्याच आकाराच्या, त्याच मातीच्या माठातलं पाणी फार तर कोमट नाही इतकंच म्हणता यायचं. माझं माहेर अकोला-दर्यापूर भागातलं, पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं. सासर रत्नागिरी जिल्ह्यातलं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचं. आणि नोकरी शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्याची. त्यामुळे हा फरक मी आधी जिभेने ओळखला आणि नंतर फळ्यावर मांडला.

थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून तो वाऱ्यावर धरला की पारा खाली येतो आणि एका ठिकाणी थांबतो. त्याच्याखाली पाण्याच्या बाष्पीभवनाने काहीही गार होऊ शकत नाही. हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असली, म्हणजे अकोल्याची मे महिन्यातली दुपार असली, तर हा पारा २४ अंशांच्या जवळ येऊन थांबतो. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के, म्हणजे रत्नागिरीची दुपार, तर तो २८ च्या खाली जायला तयार नसतो. एकीकडे अठरा अंशांची उतरण, दुसरीकडे जेमतेम पाच. विजेच्या फ्रीजआधी आपल्या घरांमध्ये अन्न कसं टिकवलं जायचं याची निम्मी गोष्ट या दोन आकड्यांत आहे. देशावर आणि वऱ्हाडात लोक अन्न गार ठेवत होते. कोकणात ते शक्यच नव्हतं, म्हणून तिथे वेगळी विद्या वाढली.

माहेरच्या घराविषयी आधी सांगते, कारण गारव्याची खरी कारागिरी तिथे होती.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही काठांनी हा पट्टा पसरला आहे. जमीन काळी, कापसाला उत्तम, पण जमिनीखालचं पाणी खारट. घराच्या मागच्या अंगाला विहीर असली तरी तिचं पाणी धुण्याभांड्याला. पिण्याचं गोडं पाणी नदीच्या पात्रात झिरा खणून किंवा लांबच्या एखाद्या गोड्या विहिरीवरून डोक्यावर आणायचं. माझी आजी पहाटे दोन खेपा आणि ऊन उतरल्यावर एक खेप करायची. आई आणि काकू तिच्याबरोबर. अशा घरात माठ म्हणजे चैन नव्हे, मोठा खर्च होता, कारण माठ पाणी गार करतो ते पाणी खर्च करूनच.

हा खर्च मोजता येतो. साधारण एक लिटर पाणी उडून जाताना ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातं. पंधरा लिटरच्या माठातलं पाणी पंधरा अंशांनी उतरवायचं तर २२५ किलोकॅलरी बाहेर काढाव्या लागतात, म्हणजे ४०० मिलीलिटरपेक्षा थोडं कमी पाणी उडालं की काम व्हायला हवं. हे झालं वहीतलं गणित. प्रत्यक्षात भोवतीची हवा माठाला अखंड तापवत असते आणि माठ अखंड पाझरत राहतो. शाळेतल्या मुलांबरोबर मी तराजू लावून पाहिलं आहे. कोरड्या दिवसांत मध्यम माठाचं दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी सहज हवेत जातं. आमच्या घरात असे दोन माठ आणि एक रांजण होता. आजीच्या पहाटेच्या दोन खेपांतला चांगला वाटा कुणाच्याही घशाखाली न जाता भिंतीतून पाझरून उडून जायचा, आणि उरलेलं पाणी त्यामुळे पिण्याजोगं व्हायचं. आजीला किलोकॅलरी माहीत नव्हत्या, पण हा हिशोब पक्का ठाऊक होता. पाहुण्यांना माठातलं पाणी, घरच्या पुरुषांना दुपारी जेवताना माठातलं, मुलांना मागितलं तर. बायका घागरीतलं प्यायच्या. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं आणि मला ते आजही रुचत नाही, पण होतं ते असं होतं.

खाऱ्या भागात माठाला आणखी एक दुखणं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. दोन महिन्यांत माठाच्या अंगावर पांढरी कड दिसू लागते, भिंतीतली छिद्रं बुजतात, पाझर मंदावतो आणि पाणी गार होईनासं होतं. म्हणून दर उन्हाळ्याला माठ नवा. जुना माठ टाकून देत नसत. तो डाळीला, चिंचेला, मीठ भरायला जायचा, किंवा बुडाला भोक पाडून तुळशीवर ठेवला जायचा.

नवा माठ घेताना आजी कुंभाराच्या दारात बसूनच घ्यायची. बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. खणखणीत आवाज म्हणजे तडा नाही, पण फारच खणखणीत असला तर ती तो बाजूला ठेवायची. तो जास्त भाजलेला, त्याला पाझर कमी. कुंभार माठाच्या मातीत बारीक चाळलेली लीद, राख किंवा भुसा मिसळतो. आव्यात भाजताना ते जळून जातं आणि त्याच्या जागी सुईच्या टोकाहून बारीक पोकळ्या राहतात. त्याच पोकळ्यांतून पाणी बाहेर येतं. स्वयंपाकाच्या मडक्याला हाच गुण दोष ठरतो, म्हणून ते घोटून गुळगुळीत करतात. एकाच चाकावर, एकाच हाताने, एक भांडं पाझरावं म्हणून आणि दुसरं पाझरू नये म्हणून घडवायचं, ही बारीक समज आपल्या गावोगावच्या कुंभारांकडे होती. माझ्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात कुंभाराचा उल्लेख एका ओळीपुरता होता. मी शिकवत होते तोवर तो धडा निदान दोन तास लांबवला.

अक्षय्य तृतीयेला उदककुंभ द्यायची रीत आहे. पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा घट ब्राह्मणाला किंवा गरजूला द्यायचा, त्यात वाळा घालायचा. वऱ्हाड-खानदेशात तर हा मोठाच सण. आमच्याकडे त्या दिवसाआधी नव्या माठातलं पाणी कुणी प्यायचं नाही. सणाची तिथी वैशाखातली, म्हणजे गार पाणी खरोखर मोलाचं होतं तेव्हाची. वाळा हा एका गवताच्या मुळांचा जुडगा. पाण्यात टाकला की सुगंध येतो. त्याच मुळांच्या ताट्या विणून दारा-खिडक्यांना लावायच्या आणि त्यांच्यावर पाणी शिंपडत राहायचं, म्हणजे बाहेरची झळ आत येताना गार होऊन येते. नागपूर-अकोल्याच्या साहेबी बंगल्यांत आणि कचेऱ्यांत यासाठी माणूस ठेवलेला असे. दिवसभर ताट्या भिजवत राहणं एवढंच त्याचं काम. आज विदर्भात घरोघरी घरघरणारा कूलर म्हणजे तीच ताटी. भिजवणाऱ्या माणसाच्या जागी पंप आणि वाऱ्याच्या जागी पंखा आला.

पाण्याचं झालं, आता अन्नाचं. दुधापासून सुरुवात करायला हवी, कारण घरात सगळ्यांत आधी नासतं ते दूध.

म्हशीचं धारोष्ण दूध आलं की आधी तापवायचं. दुपारी पुन्हा. संध्याकाळचं दूध येईपर्यंत सकाळचं उरलं असेल तर तिसऱ्यांदा. दरवेळी उकळी आणायची म्हणजे त्यातले जिवाणू पुन्हा एकदा मारायचे आणि घड्याळ शून्यावर आणायचं. यातली दुसरी तऱ्हा मला जास्त हुशारीची वाटते. दुधाचं मडकं गोवरीच्या मंद विस्तवावर ठेवून द्यायचं. दूध उकळत नाही, पण दिवसभर इतकं गरम राहतं की त्यात काही वाढू शकत नाही. वर गुलाबी, जाड साय धरते. अन्न टिकवायला ते गारच ठेवावं लागतं असं नाही. जिवाणूंना भावते ती मधली, कोमट पट्टी. तिच्या खाली राहा किंवा वर राहा. आमच्या बायका सोयीप्रमाणे दोन्हीकडून राहत होत्या.

रात्रीच्या दुधाला मात्र गारवा लागायचा. मोठ्या परातीत बोटभर पाणी, मधोमध दुधाचं पातेलं, त्यावर ओलं सुती फडकं अशा रीतीने की फडक्याचे चारही पदर परातीतल्या पाण्यात बुडलेले राहतील. पाणी फडक्यातून आपोआप वर चढतं, हवेत उडतं आणि पातेलं गार राहतं. परात ठेवायची ती पडवीच्या झुळकीत, अंगणाकडच्या खिडकीशी. लोणी असंच पाण्यात बुडवून ठेवायचं आणि ते पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं, तूप कढवायचा वार येईपर्यंत. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला कूलगार्डी नावाच्या सोन्याच्या खाणींच्या गावात १८९० च्या दशकात खाणकामगारांनी गोणपाटाच्या भिंतींचं एक कपाट केलं होतं. वर पाण्याची कढई, तिच्यातून गोणपाटावर उतरणारे कापडाचे पदर, आत लोणी आणि मांस. ते कपाट पुढे त्या देशात घराघरांत गेलं आणि आज त्याला संग्रहालयांत मानाची जागा आहे. आमच्या परातीला आणि फडक्याला कुणी संग्रहालयात ठेवलं नाही, कारण सकाळी ती परात कणीक मळायला लागायची.

आजीचा एक दंडक सगळ्या पोरींना पाठ होता. दुधापाशी बसवून ती म्हणायची, "ध्यान ठेव वं पोरी, नासलं त संध्याकाळी चहाबी नाई." खरोखर नसायचाच. दूध विकत आणायला गावात दुकान नव्हतं.

बाकी वस्तूंची जागा ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे. नागवेलीची पानं ओल्या फडक्यात. लिंबं ओलसर वाळूत पुरलेली. आलं कोपऱ्यातल्या मातीत. कोथिंबिरीची जुडी मुळांसकट तांब्यात उभी. पालेभाजी ओल्या गोणपाटाखाली, तीही त्याच दिवशीपुरती. शिजवलेलं अन्न शिंक्यावर. माजघराच्या तुळईला टांगलेलं शिंकं मांजरापासून अन्न वाचवतं हे सगळे जाणतात, पण चहूबाजूंनी वारा लागत असल्याने ते भांडं जमिनीवरच्या किंवा फडताळातल्या भांड्यापेक्षा लवकर निवतंही. पुढे शहराकडून जाळीचं कपाट आलं. लाकडाची चौकट, तिन्ही बाजूंना बारीक तारेची जाळी, आणि चारही पायांखाली पाण्याने भरलेल्या दगडी वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्या वाट्यांतलं पाणी आटलं की एका दुपारीत साखरेच्या डब्यापर्यंत रांग पोचायची. वाट्या भरायचं काम माझ्याकडे होतं.

एवढं करूनही शिजवलेलं अन्न उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसावर जात नसे. म्हणून मुळात स्वयंपाकच मापाने व्हायचा. सकाळची माणसं मोजून, संध्याकाळची वेगळी मोजून. उरलंच तर त्याचं रूप बदलायचं. भाकरी कोरडी, ती दुसऱ्या दिवशी ताकात कुस्करून चालते. भातात रात्रीच दही कालवून ठेवलं तर आंबटपणा त्याला सांभाळतो. श्रावणात शिळासप्तमीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं खायचं. त्या दिवशी पानात काय असायचं ते आठवून पाहा. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, पुऱ्या, दहीभात. चूल न पेटवता रात्र निभावून नेतील असेच पदार्थ निवडलेले. देवीची भीती असेल, पण पदार्थ ठरवणाऱ्या बाईला कुठलं अन्न किती तास टिकतं हे नेमकं माहीत होतं.

लग्न होऊन रत्नागिरीकडे गेले तेव्हा माहेरून येताना मी एक चांगला माठ आणायला निघाले होते. सासूबाई हसल्या नाहीत, समजुतीने म्हणाल्या, "अगो, तुमच्याकडचा वारा पण आणशील का त्याच्याबरोबर?" त्यांचं बोलणं म्हणजे ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचाच नियम होता. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली, ती माठाचं आणखी पाणी घेणार तरी कुठे? परातीतलं दूध इथे रात्र काढत नाही. उलट ओल्या फडक्याला बुरशी येते.

म्हणून कोकणाने गारव्याचा नाद सोडला आणि सुकवणं, खारवणं आणि आंबट करणं ही तीन शस्त्रं उचलली. चैत्र-वैशाखाचं कडक ऊन हे इथलं साठवणीचं भांडवल. मृग बरसायच्या आत कोकमाची सालं रसात भिजवून पुन्हापुन्हा वाळवून आमसुलं करायची. आंब्याची साठं, फणसाची पोळी, आंबोशी, सांडगे, कुळथाचं पीठ, भाजलेल्या काजूबिया. खारातल्या कैऱ्या बरणीत. बंदरावर बोंबील, सुकट, सोडे. मुंबईपासून मालवणापर्यंत किनाऱ्यावर वलांडीवर लोंबणारे बोंबील पाहिले की अनेकांना वास आठवतो. मला त्यात बाईच्या पाठीचा कणा दिसतो, कारण पावसाची एक सर आली तर सगळा माल एका हाकेत घरात न्यायचा असतो. पावसाळ्यात समुद्र बंद, भाजी महाग, रस्ते चिखलाचे. ते चार महिने घर या सुक्या मालावर तगायचं. वऱ्हाडातल्या बाईची लढाई दुपारच्या चार तासांशी होती, कोकणातल्या बाईची चार महिन्यांशी.

गारव्यासाठी कोकणात एकच ठेवा होता, जांभ्यातली विहीर. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असतं, तिथल्या हवेच्या वार्षिक सरासरीइतकं. बाहेर ऊन असलं की ते गार लागतं. दुपारच्या जेवणाआधी आंबे, कलिंगड टोपलीत घालून दोराने पाण्यात सोडायचे आणि पंगत बसताना ओढून काढायचे. आमच्या विहिरीच्या रहाटाला यासाठी वेगळा खुंट होता.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट वगळणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. गारवा पाण्यातून येतो, आणि पाणी सगळ्यांचं नव्हतं. गावच्या विहिरीवर ज्यांना चढू दिलं जात नव्हतं, त्यांच्या घरच्या माठात पाझरून उडून जायला पाणी कुठून येणार? पुण्य म्हणून रस्त्याकडेला घातलेल्या पाणपोईवरही काहींना भांड्याने मिळायचं आणि काहींना लांबून, बांबूच्या पन्हळीतून, ओंजळीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. तिथून माझं सासर फार लांब नाही. त्या तळ्याची हकीकत सांगताना माणसं हक्काबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. मला तो महिनाही दिसतो. मार्च संपत आलेला, उन्हाळा तोंडावर, आणि हजारो माणसं अशी की ज्यांना उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या दयेवर थांबावं लागत होतं. आमच्या घरातल्या गार माठाच्या आठवणी काढताना हे बाजूला ठेवून चालणार नाही.

श्रीमंतांनी बाष्पीभवनाची गरज न ठेवणारे उपाय शोधले होते. 'आईन-ए-अकबरी'त सोऱ्याने पाणी गार करायची कृती दिली आहे. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात धातूच्या बंद सुरईतलं शेरभर पाणी पाव तास फिरवायचं. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो, त्यामुळे सुरई गार पडते. तोच सोरा तोफेची दारू करायलाही लागतो, तेव्हा ही चैन कुणाला परवडत होती हे सांगायला नको. अकबराची छावणी लाहोरला असताना हिमालयातून बर्फही यायचा.

त्यानंतरचा मोठा बर्फ आला तो थेट अमेरिकेतून, आणि ही कथा ऐकून दरवर्षी माझे विद्यार्थी वेडे व्हायचे. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर मॅसॅच्युसेट्समधल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ घोड्यांच्या नांगराने चौकोनी कापून जहाजात भुशात रचून विकायचा. १८३३ साली 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं, दोनदा विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांनी कोलकात्याला लागलं, आणि तरी साधारण १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी तो मुंबईत आला. जहांगीर नसरवानजी वाडिया या पारशी व्यापाऱ्याने तो आणवला. जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि नंतर यजमान-पाहुणे सर्दीने आजारी पडल्याची बातमी 'मुंबई समाचार'मध्ये आली, असं सांगतात. मग बर्फासाठी घुमटाकार छताचं बर्फघर फोर्टात, सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी, गोदीच्या जवळ उभं राहिलं. ते विसाव्या शतकात पाडलं गेलं आणि आज त्या जागी के. आर. कामा प्राच्यविद्या संस्थेची इमारत आहे. मद्रासचं बर्फघर मात्र अजून उभं आहे. विवेकानंद तिथे काही दिवस राहिले म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

या गोष्टीत मला थक्क करतो तो भुसा. लाकूड कापताना उरणारा, कुणाला नको असलेला. त्यात अडकलेली हवा उष्णतेला आत येऊ देत नाही, एवढ्याच जोरावर बर्फ अर्धं जग ओलांडून आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे देशातच यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि अमेरिकेची जहाजं थांबली, पण भुसा राहिला. माझ्या लहानपणी काका अकोल्याहून सायकलवर बर्फाची लादी आणायचे. गोणपाट, भुसा, पुन्हा गोणपाट. लादी घरी पोचेपर्यंत निम्मी होई. त्या बर्फावर घरात काही साठवायचं नसे. तो आइस्क्रीमच्या पॉटसाठी. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, मधल्या जागेत फोडलेला बर्फ आणि खडे मीठ. मीठ बर्फाला वितळायला लावतं आणि वितळताना तो इतकी उष्णता ओढतो की तापमान शून्याच्याही खूप खाली जातं. दांडा पाळीपाळीने फिरवायचा. दांडा जड झाला की आइस्क्रीम झालं. मुंबईच्या काही सधन घरांत बर्फ ठेवायच्या जस्ताच्या पत्र्याने मढवलेल्या पेट्या होत्या, पण आमच्या माणसांना बर्फ हा सणाचा होता. रोजच्या अन्नाशी त्याचा संबंध कधी आलाच नाही.

रोजच्या अन्नाशी संबंध आला तो फ्रीजचा, आणि तोही उशिरा. गोदरेजने देशात फ्रीज बनवायला १९५८ मध्ये सुरुवात केली. आमच्या सासरच्या गावात दिवसभर टिकणारी वीज त्यानंतर कित्येक वर्षांनी आली. फ्रीज घरात आला तेव्हा सासूबाईंनी त्यात पहिल्यांदा दूध ठेवलं, मग विरजण. विरजण लागेना, कारण थंडीत दह्याचे जिवाणू काम करत नाहीत. ते पातेलं त्यांनी काढून पुन्हा चुलीशेजारी ठेवलं आणि लागल्यावरच आत सरकवलं. यंत्र कशासाठी आहे आणि कशासाठी नाही हे त्यांना दोन दिवसांत कळलं. उरलेली आमटी, दुसऱ्या दिवशीसाठी चिरून ठेवलेली भाजी, हे सगळं माझ्या पिढीने केलं. त्यांनी शेवटपर्यंत माणसं मोजूनच भात लावला.

दुपारचं दूध तापवणं मात्र त्या वर्षी थांबलं. त्यासाठी जेवणानंतर जागं राहावं लागायचं, घरात सगळे आडवे झाल्यावरही. आमसुलं, साठं, सांडगे, खारातल्या कैऱ्या पुढेही तशाच चालू राहिल्या. त्यांना फ्रीजची गरज नव्हती, आणि एवढ्या बरण्या मावतील इतका मोठा तो नव्हताही.